'प्रेग्नंट' : एका शब्दाचे मूळ आणि अर्थ

'प्रेग्नंट' हा इंग्रजी शब्द आज खेड्यापाड्यांतही परिचित आहे. 'गरोदर' म्हणताना ज्यांची जीभ अडखळते, तेही हा परका शब्द सहज उच्चारतात. म्हणून त्याची घडण पाहणे उद्बोधक ठरेल.

हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला. 'प्राए' म्हणजे पूर्वी, आणि 'ग्ना' हे जन्मणे या अर्थाच्या धातूचे रूप, अशी त्याची फोड भाषाभ्यासक सामान्यतः करतात. म्हणजेच जन्मापूर्वीची अवस्था. हाच धातू संस्कृत आणि पालीत 'जन्' या रूपाने आढळतो. जन्म, जनक, जननी हे त्याचेच शब्द. नेशन, नेचर, नेटिव्ह हे त्याच कुळातील. दवाखान्यात कानी पडणारा 'प्रीनेटल' हा शब्दही याच दोन घटकांचा आहे.

या शब्दाला आणखी अर्थ आहेत. 'प्रेग्नंट पॉज' म्हणजे न बोलताही बरेच काही सुचविणारी स्तब्धता. आपण 'अर्थगर्भ मौन' म्हणतो, तेच हे रूपक. पूर्वीच्या इंग्रजीत 'प्रेग्नंट' पुरावा म्हणजे ठाम पुरावा. तो शब्द मात्र 'दाबणे' या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन धातूपासून फ्रेंचमार्गे आला होता.

आश्चर्य असे की, इंग्रजी भाषकांनाही या शब्दाचा संकोच वाटे. १९५२ साली अमेरिकेतील 'आय लव्ह ल्यूसी' या दूरचित्रवाणी मालिकेत नायिकेचे गरोदरपण दाखविले गेले. पण हा शब्द उच्चारण्यास मनाई होती. त्याऐवजी 'एक्स्पेक्टिंग', म्हणजे वाट पाहणारी, असे म्हटले गेले. आपल्याकडेही 'दिवस गेले', 'दोन जिवांची' अशी आडवळणाची बोली आहेच.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. 'जन्' धातूपासूनच 'जाति' हा शब्द झाला. पालीत त्याचा मूळ अर्थ केवळ जन्म. 'पटिच्चसमुप्पादा'तील 'जाति' हीच. समाजाने त्या जन्माला उच्चनीचतेची पायरी चिकटवली. भगवान बुद्धांनी वसल सुत्तात माणूस जन्माने नव्हे, तर कर्माने ओळखावा, असे स्पष्ट केले. आपण वंदनेत म्हणतो त्या करणीयमेत्त सुत्तात जन्मलेल्यांबरोबर 'संभवेसी', म्हणजे जन्म घेऊ पाहणाऱ्या जिवांच्याही सुखाची कामना आहे.

ती कामना कायद्यात उतरावी, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर झटले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी कारखान्यांतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली.

मात्र जिथे शब्दच दबक्या आवाजात उच्चारला जातो, तिथे आहार, तपासणी व विश्रांती यांविषयीचे प्रश्नही दबूनच राहतात. संकोचाची ही किंमत माता आणि बालक मोजतात. म्हणून पालकांनी आपल्या मुलींशी, आणि मुलांशीही, या विषयावर सरळ, सभ्य शब्दांत बोलावे. माणसाची काळजी जन्मापासून नव्हे, जन्मापूर्वीपासून सुरू होते. या शब्दाच्या घडणीतच ते सांगितलेले आहे.