मुलगी ‘कॅज्युअल्टी घेते’ म्हणते तेव्हा

नीट पीजीचा निकाल लागला की बारावीच्या पालकांचे फोन कमी होतात आणि एमबीबीएस झालेल्या मुलांच्या आईवडिलांचे वाढतात. गेल्या वर्षी एक गृहस्थ लेकीला घेऊन थेट घरीच आले. रँक बरी होती. रेडिओलॉजी मिळण्याइतकी नव्हती, पण एका सरकारी महाविद्यालयात एमडी इमर्जन्सी मेडिसिनची जागा मिळत होती आणि मुलीला तीच हवी होती. वडिलांचं म्हणणं, वर्षभर थांबू, पुन्हा परीक्षा देऊ. “मॅडम, जन्मभर कॅज्युअल्टीत उभी राहणार का ही? रात्रपाळ्या, मारामाऱ्या, पोलीस. आणि स्वतःचा दवाखानाही टाकता येत नाही म्हणे.”

त्यांच्या चारही मुद्द्यांत तथ्य होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात विभागात मी एकोणीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांना खोटा दिलासा देणं माझ्याच्यानं झालं नसतं. पण या चार गोष्टींमागे काय आहे ते नीट समजून घ्या आणि मगच हो किंवा नाही म्हणा, एवढं मी त्यांना सांगितलं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. बारावीच्या मुलांच्या घरीही ते वाचलं जावं, कारण एमबीबीएसला गेलेलं प्रत्येक मूल या दारातून जातंच. साडेचार वर्षांनंतरच्या इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे कॅज्युअल्टीचे असतात, आणि पुढे कुठल्याही विषयात गेलं तरी रात्रीचे कॉल चुकत नाहीत.

आधी या विषयाबद्दल. मी नोकरीला लागले तेव्हा कॅज्युअल्टी सांभाळायला वेगळं शिक्षण लागतं असं कोणी मानत नव्हतं. ज्याची ड्यूटी असेल तो सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर, म्हणून बसायचा. पेशंट बघायचा, हाडाचा असेल तर ऑर्थोला कळवायचं, पोटाचा असेल तर सर्जरीला. मधल्या वेळेत श्वास अडकला तर भूलतज्ज्ञाची धावाधाव. २००९ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. आज एमडी आणि डीएनबी, दोन्ही वाटांनी तीन वर्षांत हे शिक्षण घेता येतं. म्हणजे हा विषय अजून तरुण आहे. मेडिसिन किंवा सर्जरीसारखे चाळीस वर्षांचे मुरलेले प्राध्यापक इथे सगळीकडे भेटणार नाहीत. काही कॉलेजांत विभाग कागदावर मोठा आणि प्रत्यक्षात दोन ट्रॉल्यांचा असतो. जागा घेण्याआधी हे बघायला हवं. त्याकडे पुन्हा येते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इथला ताण म्हणजे रक्त, अपघात, मरण. ते असतंच, पण त्याची सवय होते आणि ते शिकवलंही जातं. डॉक्टरला खरं दमवतो तो तुंबलेला विभाग. हार्ट अटॅकचा पेशंट आला, दहा मिनिटांत ईसीजी झाला, औषधं सुरू झाली. आता त्याला आयसीयूत जायचंय आणि तिथे खाट नाही. मग तो ट्रॉलीवरच राहतो. दोन तास, सहा तास, कधी रात्रभर. तोवर त्याच्यावर लक्ष कॅज्युअल्टीच्याच डॉक्टरनं ठेवायचं आणि दारातून येणारे नवे पेशंटही त्यानंच बघायचे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ नसतो, म्हणून तिथून चिठ्ठी देऊन जिल्ह्याला पाठवतात, जिल्ह्याहून मेडिकल कॉलेजला. वाटेतल्या प्रत्येकाला ‘पुढे न्या’ म्हणता येतं. शेवटच्या दाराला ते म्हणता येत नाही. त्यात रोजंदारीवरची माणसं येतात. दिवसा ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं तर मजुरी बुडते, म्हणून चार दिवसांचा ताप घेऊन ती रात्री दहाला येतात. त्यांना ‘सकाळी ओपीडीत या’ म्हणून हाकलणारा डॉक्टर मला कधीच पटला नाही. पण त्यांच्यामुळे रांग वाढते हेही खरं आहे. म्हणून ट्रायेज करतात. लाल, पिवळा, हिरवा असे गट पाडून आधी लाल बघायचे. तासभर बसलेल्या हिरव्याला डावलून आत्ता आलेला लाल आत गेला की बाहेर आवाज चढतो.

एक रात्र सांगते. जुलै महिना, सोयाबीनच्या शेतात बाईला साप चावलेला. टेम्पोतून बारा-पंधरा माणसं सोबत आली होती. पायाला सूज, घोट्याजवळ दोन खुणा, साप कोणी पाहिलेला नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांवर मिळून एकच प्रतिविष असतं, पण ते द्यायचं की नाही हे ठरवावं लागतं. विष भिनलेलं नसताना दिलं तर त्याचीच रिॲक्शन जिवावर बेतू शकते. ठरवण्याची एक पद्धत अगदी साधी आहे. पेशंटचं दोन मिलिलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, ती स्टँडला उभी करायची आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदा तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात उतरलं आहे.

त्या रात्री इंटर्न मुलगा दर दोन मिनिटांनी ती ट्यूब हलवून बघत होता. बाहेरून आवाज येत होते, “नुसती नळी बघत बसलेत, बाई मरायला लागली!” शेजारच्या ट्रॉलीवर झटके येणारं पोर होतं, त्याच्या पलीकडे छातीत दुखणारा माणूस. मी इंटर्नला म्हटलं, “ट्यूबला हात लावू नकोस, घड्याळ बघ. आणि तिच्या नवऱ्याला आत बोलाव.” नवऱ्याला ट्यूब दाखवली. हे तुमच्या बायकोचं रक्त आहे. अमुक वाजेपर्यंत गोठलं तर औषधाची गरज नाही, तरी रात्रभर नजरेखाली ठेवू. नाही गोठलं तर त्या क्षणी औषध सुरू करू, ते इथे काढून ठेवलंय. तोवर सलाईन चालू आहे, नाडी आणि बीपी आम्ही बघतोय. माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानंच बाहेर जाऊन लोकांना गप्प केलं. रक्त गोठलं नाही. प्रतिविषाच्या दहा बाटल्या सलाईनमधून सुरू केल्या, रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिनची सिरिंज भरून शेजारी ठेवली. पाचव्या दिवशी ती घरी गेली.

आईवडिलांनो, मुलाला हा विषय झेपेल का हे जोखायचं असेल तर ‘रक्त बघून चक्कर येते का’ हा प्रश्न सोडून द्या. पहिल्या वर्षी चक्कर आलेली कितीतरी मुलं पुढे उत्तम डॉक्टर झाली. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायची वेळ आली की मूल हातपाय गाळतं का, ते बघा. हातातलं काम मध्येच सोडून दुसऱ्या तातडीच्या कामाला जाऊन, परत येऊन पहिलं पुरं करतं का? आपल्याला येत नाही हे वेळेवर कबूल करून वरच्याला हाक मारतं का? आणि चिडलेल्या माणसाशी आवाज न चढवता चार वाक्यं बोलू शकतं का? शेवटची गोष्ट मी सगळ्यांत वर ठेवते. अभ्यासू पण बोलायला कचरणारी मुलं इथे फार सोसतात. ते शिकता येतं, पण शिकावं लागतं. कॉलेजात असतानाच सीपीआर शिकून घ्या. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबताना दोन मिनिटांत हात भरून येतात आणि आपण किती शांत राहतो ते कळतं. राष्ट्रीय सेवा योजनेतून वारीच्या वाटेवर किंवा गणपती विसर्जनाला प्रथमोपचाराच्या तंबूत दोन दिवस थांबा. भोवळ आलेला वारकरी आणि त्याची रडणारी बायको, दोघांनाही सांभाळताना जे समजतं ते कोचिंग क्लासात समजणार नाही.

आता मारामाऱ्यांविषयी. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि काही दिवसांत जमावानं त्याच रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग फोडला. लेकीच्या बापाला यानंतर झोप लागत नसेल तर मी त्यांना काय म्हणू? महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. डॉक्टरवर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. पण रात्री दोन वाजता कायद्याचं पुस्तक मदतीला येत नाही. दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक येतो, एका पेशंटबरोबर दोनच नातेवाईक हा पाळला जाणारा नियम येतो, कुलूप लागणारी विश्रांतीची खोली येते. म्हणून जागा निवडताना त्या कॉलेजच्या निवासी डॉक्टरांना गाठा आणि विचारा. रात्री विभागात सीनियर हजर असतो की फोनवर? सीटी स्कॅनला पेशंटबरोबर कोण जातं, आणि मागे कोण उरतं? मुलींची झोपायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का? महिन्याला किती रात्री? असं विचारायला संकोच करू नका. मला कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.

तासांचं सांगायचं तर निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारची १९९२ ची योजना आहे. सलग बारा तासांपेक्षा जास्त काम शक्यतो नको, असं त्यात म्हटलंय. अनेक विभागांत छत्तीस तासांच्या ड्यूट्या आजही लागतात, आणि हा अन्याय आहे. सलग तिसऱ्या रात्री जागणाऱ्याच्या हातून डोस चुकतो, त्याचं मोल पेशंट मोजतो आणि दोष त्या पोराच्या माथी येतो. यातही इमर्जन्सी मेडिसिनचं बरं आहे. काम पाळ्यांत चालतं. आठ किंवा बारा तास संपले, पुढच्याला पेशंट समजावून दिले की तुम्ही सुटलात. घरी फोन येत नाही. स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही ही तक्रार करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. दवाखान्याचं कर्ज नाही, कमिशनची साखळी नाही, सुट्टी म्हणजे सुट्टी. बदल्यात कायम रुग्णालयाच्या पगारावर राहावं लागतं. ज्याला ‘आपलं काहीतरी’ उभारायची ओढ आहे त्यानं इथे येऊ नये. पुढे क्रिटिकल केअरमध्ये डीएम करता येतं, परदेशाचीही वाट आहे. पण परदेशात सगळं सुरळीत असतं या समजात राहू नका. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये शंभरातल्या पंच्याण्णव पेशंटचा निकाल चार तासांत लावायचं उद्दिष्ट आहे. इंग्लंडमध्ये २०१५ नंतर ते देशपातळीवर गाठलं गेलेलं नाही. ट्रॉल्या तिथेही अडतात.

पोलिसांचा धाक बाळगू नका. अपघात, विषबाधा, मारहाण, जळीत अशा केसेस एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, म्हणून नोंदवाव्या लागतात, पोलिसांना कळवावं लागतं, आणि चार वर्षांनी कोर्टाचं समन्स येऊ शकतं. त्यासाठी एकच सवय लावून घ्या. केस पेपरवर प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहा आणि जे पाहिलं तेवढंच लिहा. उपचार आधी आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी आणि खासगी अशा सगळ्या डॉक्टरांना बजावलेलं आहे. पैसे भरले नाहीत म्हणून हात राखून ठेव, असं कुठल्या व्यवस्थापनानं सुचवलं तर हा निकाल आठवा.

ज्यांना एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही पण हेच काम करायचंय, त्यांच्यासाठीही दारं आहेत. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावतात. त्या सुरू झाल्या त्या ९३७ गाड्यांनिशी, आणि त्यांत डॉक्टर म्हणून मोठ्या संख्येनं बीएएमएस झालेली मुलं काम करतात. दुसरं दार नर्सिंगचं. चांगली कॅज्युअल्टी सिस्टरांच्या जिवावर चालते, हे मी शपथेवर सांगेन. शिरा न सापडणाऱ्या पोराला पहिल्या टोचण्यात सलाईन लावणारी सिस्टर मी पाहिली आहे आणि तिच्याकडून शिकलेही आहे. नर्सिंगला दुय्यम समजून त्याकडे वळू नका, आणि वळलात तर पूर्ण मनानं वळा.

एक गोष्ट घरच्यांसाठी. पोर ड्यूटीवरून येऊन नुसतं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल तर त्याला अभ्यासाचं विचारू नका. लहान मूल दगावलेल्या रात्रीनंतर आठवडाभर जेवण जात नाही. तो दुबळेपणा नव्हे. पण झोप उडाली, जगणं नकोसं वाटतं असं बोलणं सुरू झालं, तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. एक वर्ष रजा घेऊन परतलेली माझी एक विद्यार्थिनी आज विभाग चालवते.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, रेडिओलॉजी तिला स्वतःला हवी असेल तर खुशाल थांबा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायला बरी म्हणून हवी असेल तर पोरीचं वर्ष घालवू नका. मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “बाबा, इंटर्नशिपमध्ये त्या दोन आठवड्यांतच मला घड्याळ बघावंसं वाटलं नव्हतं.”

जागा घेतली त्यांनी. नंतर वडिलांचा पुन्हा फोन आला. तिला हॉस्टेलवर सोडून ते बसस्टँडवर उभे होते. “मॅडम, तिथलं कँटीन अकराला बंद होतं. रात्री दोन-अडीचला भूक लागली तर पोरं काय खातात?” मी त्यांना दाण्याचे लाडू पाठवा म्हटलं, महिनाभर टिकतात आणि एका हातानं खाता येतात.