पाच दिवस ताप हटेना? वेळ दवडू नका!

माता-पित्यांनो, लेकराला ५ दिवस ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ लालभडक, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, तर गोवर समजून घरी बसू नका. हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा ‘कावासाकी’ आजार असू शकतो. जपानच्या डॉ. कावासाकींनी तो १९६७ साली मांडला.

सगळीच लक्षणं दिसतील असं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कधी नुसता ताप अन् किरकीर असते. कधी बीसीजी लसीची जागा लाल होऊन सुजते.

ताप आपोआप उतरला तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. १० दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोबुलिन दिलं तर हा धोका पुष्कळ टळतो.

लातूर किंवा नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप कधीपासून, ते नक्की सांगा.

तापाचे दिवस मोजा, लेकराचं काळीज जपा!