वाढत्या मुलांची गियरवाली सायकल : पुढचे माप केव्हा व कसे घ्यावे?

मुलांचे कपडे घ्यायला आलेले पालक कापडाच्या दुकानात एक गोष्ट हमखास सांगतात, "थोडे मोठेच द्या, दोन वर्षे तरी चालले पाहिजेत." कपड्यात हे चालते. शिंपी शिलाईत माया ठेवतो, पँटची पट्टी आत दुमडतो आणि मूल वाढले की उसवून मोकळी करतो. हाच हिशेब घेऊन लोक सायकलच्या दुकानात जातात आणि दहा वर्षांच्या मुलासाठी २६ इंची 'माउंटन' सायकल घेऊन येतात. पण लोखंडाच्या फ्रेमला माया नसते. तिचा दांडा आज ज्या उंचीवर आहे, तिथेच राहणार.

आमच्या पिढीने २८ इंची काळी सायकल दांड्याखालून पाय घालून चालवली, हे खरे. पण ती मजबुरी होती. घरात एकच सायकल, तीही वडिलांची. आज बाजारात १६, २०, २४, २६ अशी सर्व मापे मिळतात. मग पैसे मोजून ती मजबुरी विकत का घ्यावी?

आकड्याचा अर्थ

२०, २४, २६ हा आकडा चाकाचा आहे. तो मुलाच्या वयाचा नाही आणि फ्रेमचाही नाही. एकाच २६ इंची चाकाची सायकल १३ इंची फ्रेममध्येही येते आणि १८ इंची फ्रेममध्येही. म्हणून नुसते "सव्वीसची दाखवा" म्हणणे पुरेसे नाही.

ढोबळ अंदाज असा धरावा : ११५ ते १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला २० इंची, १३० ते १४५ ला २४ इंची आणि त्यापुढे लहान फ्रेमची २६ इंची. कंपनीगणिक यात फरक पडतो. खरे माप पायाचेच.

माप घेण्याची रीत

मुलाला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक वही आडवी धरून वर सरकवा, जांघेला टेकली पाहिजे. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

दुकानात गेल्यावर त्याच टेपने सायकलच्या दांड्याची जमिनीपासूनची उंची मोजा. मूल दांडा पायांत घेऊन जिथे उभे राहते, तिथेच मोजायची. पायाचे माप दांड्यापेक्षा निदान ५ सेंटिमीटर जास्त हवे. खडबडीत रस्त्यावर अचानक सीटवरून पुढे उतरावे लागते. तेव्हा ही जागा नसेल तर मार थेट नाजूक जागी बसतो.

समजा, मुलाची उंची १४० आणि पायाचे माप ६५ सेंटिमीटर आहे. २४ इंचीचा दांडा ५९ वर आहे आणि २६ इंचीचा ६९ वर. पहिलीत ६ सेंटिमीटर मोकळे राहतात. दुसरीत मुलाचे पाय जमिनीला टेकणारच नाहीत. इथे घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही.

यानंतर आणखी तीन गोष्टी पाहा. मुलाला सीटवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच योग्य उंची. नवशिक्याची सीट मात्र पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवावी. दुसरे, हँडल धरताना कोपर थोडे वाकलेले हवेत, हात ताणलेले नकोत. तिसरे, ब्रेकची मूठ बोटांत आली पाहिजे. बहुतेक मुठींना एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून मूठ जवळ आणता येते. तरीही बोटे पोहोचत नसतील, तर ती सायकल त्या मुलाची नाही.

पुढचे माप केव्हा?

सात ते दहा-अकरा या वयात उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, त्यातली निम्म्याच्या आसपास पायांची. म्हणून बरोबर मापाची सायकल सीट वर घेत घेत दोन-तीन वर्षे सहज चालते. सीटच्या पाइपवर एक खूण असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर पाइप वाकतो किंवा मोडतो. सीट खुणेपर्यंत आली आणि तरीही गुडघे फार वाकतात, वळताना हँडलला लागतात, असे दिसले की पुढचे माप घ्यायचे. वाढदिवस आला म्हणून नव्हे.

शॉकअप आणि २१ गियर पाहून मुले हट्ट धरतात. पुढच्या चिमट्याचे स्वस्त शॉकअप वजन वाढवतात आणि काम थोडेच करतात. हलकी फ्रेम व मागचे सहा-सात गियर शाळकरी मुलाला पुरतात. घरात बहीण-भाऊ असतील तर खाली झुकलेल्या दांड्याची सायकल घ्यावी, ती दोघांनाही चालते.

दुकानदार व कारागीर बंधूंसाठी

दुकानात २४ इंची शिल्लक नसते, २६ पडून असते, तेव्हा "दोन वर्षे जास्त चालेल" हे वाक्य सहज तोंडातून निघते. गिऱ्हाईक ते मानतो, कारण त्याला या मालाची माहिती नाही. इथेच इमानाची कसोटी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही, असे विचारले. न बसणारे माप बसेल म्हणून विकणे हीदेखील आत दडवलेली ओलच आहे.

यातच हलाल रोजीची वाट आहे. वाढलेल्या मुलाची २० इंची परत घ्या, ब्रेक, चेन, बेअरिंग दुरुस्त करा आणि धाकट्या गिऱ्हाइकाला विका. चिमटा वाकलेला असेल, वेल्डिंगला तडा असेल तर तसे दाखवून द्या, तडा गेलेली फ्रेम तर विकूच नका. जुन्याची किंमत वेगळी सांगा, नव्याची वेगळी, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहत नाही. हप्त्यावर देत असाल तर एकूण किंमत आधीच ठरवा आणि उशीर झाला म्हणून ती वाढवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तो फायदा बिलात गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे.

पालकांनीही एवढे करावे : मुलाला सोबत नेल्याशिवाय सायकल घेऊ नये आणि टेप घरूनच न्यावी. मोठी सायकल घेऊन पैसे वाचत नाहीत. मूल दोनदा पडते, धास्ती घेते आणि सायकल जिन्याखाली गंजत पडते. तो खरा इस्राफ आहे. मापाची सायकल रोज चालते, धाकट्याच्या कामी येते आणि शेवटी विकली तरी चार पैसे देऊन जाते.