कात टाकायची वेळ सांभाळ

सोन्या, दुकानदार देतोय ती ब्रीडिंगची बाटली घेऊ नकोस. चेरी कोळंबीला पिल्लं होण्यासाठी थेंब लागत नाहीत. मादीला सुखाने कात टाकता आली की झालं, कारण नर तिच्याशी जुळतो तो कात टाकल्यावर लगेच, तिचं अंग मऊ असताना. त्या वेळी ती पाण्यात गंध सोडते आणि सगळे नर टाकीभर सैरावैरा पोहत सुटतात. नवखी माणसं हे बघून घाबरतात, पाणी बिघडलं म्हणून अर्धी टाकी बदलतात आणि जुळत आलेलं मोडतात. तू आधी तळाशी रिकामं कवच पडलंय का बघ. कवच असेल आणि बारके नरच धावत असतील, तर गप्प बसून बघत राहा. माद्यांसकट सगळ्याच वर येऊ लागल्या, तर मात्र अमोनिया तपास. ते कवच काढून टाकू नकोस, त्या खातात.

मादी अंगाने मोठी, रंगाने गडद, पोट गोलाकार. डोक्यामागे पाठीवर पिवळसर-हिरवट डाग दिसला, तर अंडी तयार होताहेत असं समज. दहा-बारा लहान वयाच्या आण, म्हणजे नर-मादी दोन्ही मिळतील. एकाच रंगाच्या घे. लाल, निळ्या, पिवळ्या एकत्र ठेवल्यास की पुढच्या पिढ्या मातकट होत जातात.

आता पाणी. टाकी महिना-दीड महिना आधी चालू ठेव. दगडांवर बुळबुळीत थर धरला पाहिजे, पिल्लं तोच खाऊन वाढतात. मुंबईच्या नळाला तानसा-वैतरणा-भातसाचं धरणाचं पाणी येतं, ते हलकं. त्यात कॅल्शियम कमी पडलं तर कवच नीट सुटत नाही. मानेभोवती पांढरी कडी दिसते आणि कोळंबी बहुतेक वेळा मरते. जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, सहा ते आठ ठेव. कोळंबीसाठी मिळणारे क्षार घाल, नाहीतर पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेसाचा लहान तुकडा टाक. बोअरचं पाणी असेल तर उलटं, ते आधीच जड असतं, तेव्हा तपासल्याशिवाय काही घालायचं नाही. वाफेने पाणी घटलं की आरओचं ओत. क्षार टाकीतच राहिलेले असतात, नळाचं ओतत राहिलास तर ते साठत जातात.

पाणी बदलायचं ते आठवड्याला दहावा हिस्सा, क्लोरीन काढून, टाकीइतकंच कोमट आणि थेंबाथेंबाने. एकदम बदललंस तर अंड्यावरची मादी अवेळी कात टाकते आणि पोटाखालची वीस-तीस अंडी कवचाबरोबर जातात. पहिलटकरीण कधीकधी उगाचही अंडी टाकते, त्याचं मनावर घेऊ नकोस. तिला वेगळ्या डब्यात मात्र हलवू नकोस. ती पायांनी अंड्यांना वारा घालत असते. पंचवीस-तीस दिवसांत अंड्यात डोळ्यांचे ठिपके दिसतात आणि पिल्लं बाहेर येतात, दिसायला आईसारखीच, पण दोन मिलिमीटरची. म्हणूनच फिल्टर स्पंजचा हवा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. जावा मॉस भरपूर लाव. गप्पी ठेवू नकोस, पिल्लं फस्त करेल.

जपानच्या ताकाशी आमानोंनी शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेली आमानो कोळंबी मात्र वेगळी. तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात तिची वाट बघत बसू नकोस.

मे महिन्यात पाणी तिशीवर गेलं तर प्रजनन थंडावतं, जास्त चढलं तर जीवच जातो. पाण्याच्या पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरव, दोन-तीन अंश उतरतात. डासांची लिक्विड मशीन त्या खोलीत नको, पेस्ट कंट्रोलवाल्याला तर उंबऱ्याशीच थांबव. कोळंबीही किड्यांच्याच नात्यातली. माशांच्या औषधात तांबं असेल तर तेही विष. पालक घालशील तो खळखळून धुऊन, उकळून, आणि दुसऱ्या दिवशी उरलेला काढून टाक.

जास्त झाल्या की शेजारच्या तळ्यात सोडायच्या नाहीत. हा तैवान-चीनकडचा जीव, आपल्या पाण्यात नको. कुणाला द्यायच्या तर पिशवीत मॉसचा एक झुबका घाल, वाटेत धरायला मिळतं. आणि अंड्यावरची मादी देऊ नकोस, प्रवासात अंडी टाकते.