नकाशा काढतानाच आवाजाचा विचार करा

नवे घर बांधणारी मंडळी माझ्याकडे पाणी, ओल, डास यांविषयी चौकशी करतात. वास्तूच्या दिशाही पाहून झालेल्या असतात. आवाज कोणत्या दिशेने येणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. "आवाजाची सवय होते," असे म्हणून विषय संपतो. हा समज घातक आहे.

सवय होते ती फक्त जाग न येण्याची. झोपेतही कानाचे काम चालूच असते. ट्रकचा हॉर्न वाजला की डोळे न उघडताही नाडी जलद होते, रक्तदाब किंचित चढतो व गाढ झोप उथळ होते. वर्षानुवर्षे असे घडत राहिल्यास उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. सकाळचा थकवा, चिडचिड, मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे हे परिणाम तर लवकरच दिसतात.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. चांगल्या झोपेसाठी खोलीच्या आत 30 डेसिबलहून अधिक आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे आकडे साधे वाटले तरी 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे लक्षात घ्यावे.

प्लॉट : आपल्या नागपुरात ले-आऊटमधल्या कॉर्नरच्या प्लॉटला भाव अधिक. पण त्याला दोन बाजूंनी रस्ता, म्हणजे दोन बाजूंनी आवाज. वर्धा रोड, अमरावती रोड यांसारख्या रहदारीच्या मार्गालगत प्लॉट घ्यायचा असेल तर एकदा रात्री अकराला व एकदा पहाटे तिथे उभे राहून ऐकावे.

खोल्या : दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर रस्त्याच्या बाजूला घ्यावे, झोपण्याची व अभ्यासाची खोली मागे. उशाकडच्या भिंतीत संडासाचा पाइप किंवा भिंतीपलीकडे पाण्याची मोटर नको. मोटरखाली जाड रबर घालावे.

भिंती व फटी : रस्त्याकडची भिंत साडेचार इंची न ठेवता नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली असावी. जड भिंत आवाज अधिक अडवते. परंतु फट राहिली तर सारे व्यर्थ. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी ती कितीही जाड असो, 20 डेसिबलहून अधिक आवाज अडत नाही. म्हणून खिडकी रबरपट्टीवर घट्ट बसणारी व जाड काचेची हवी. सरकत्या खिडकीला फटी राहतात. पडद्यांनी खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा थांबत नाही. झाडांची एखादी रांग सावली देते, आवाज फारसा अडवत नाही.

कूलर : आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप नाही आणि कूलरला उघडी खिडकी लागते. तेव्हा कूलरची जागा नकाशातच ठरवावी. तो मागच्या, शांत बाजूला असावा. हवा बाहेर जाण्याची खिडकीही रस्त्याकडे नसावी. कूलर खिडकीच्या चौकटीला न टांगता जमिनीवरच्या वेगळ्या स्टँडवर, पायांखाली रबर देऊन ठेवावा, म्हणजे त्याची थरथर भिंतीतून पलंगापर्यंत येत नाही. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोरही तो नको. त्यांनाही झोप हवीच असते.

घर उभे राहिल्यावर यातले बरेचसे बदलता येत नाही, आणि जे बदलता येते ते खर्चाचे असते. नकाशा कागदावर असेपर्यंत खोली हलवायला खोडरबर पुरते. म्हणून या आठवड्यात नकाशा हाती असणाऱ्यांनी आर्किटेक्टला एवढेच विचारावे : "रात्री आम्ही झोपू त्या खोलीत आवाज कुठून येईल?"