आरी, डाळिंब आणि रेशमावरचा काळा डाग

आमच्या आटपाडीत मृग बहाराची डाळिंबं उतरायला लागतात आणि लगीनसराईही त्याच सुमाराला भरात येते. दिवसभर बाया बागेत तोडणीला, नाहीतर शेडमध्ये प्रतवारीला जातात आणि रात्री त्याच हातांनी ब्लाऊजवर आरी वर्क करतात. मीही त्यातलीच. म्हणून हे आवर्जून लिहिते आहे.

एकदा एका नवरीचा मोतिया रंगाचा रेशमी ब्लाऊजपीस माझ्याकडे होता. बाहीवरचा मोर भरत आला होता. कापड ताणायच्या रिंगच्या स्क्रूजवळ आधी पिवळट छटा दिसली, नंतर ती करडी आणि शेवटी काळी झाली. साबण लावला तर डाग आणखी गडद झाला. पीसचे पैसे भरून दिले आणि मोर नव्यानं काढला.

डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं. त्या सालीनं कापड पिवळं रंगवतात आणि त्यात लोखंड मिसळलं की तोच रंग काळपट होतो. रंगारी हे मुद्दाम करतात. माझ्या बोटांना साल लागलेली होती, घामानं कापड दमट झालं होतं आणि स्क्रूचा मुलामा उडून आतलं लोखंड उघडं पडलं होतं. रंग पक्का बसायला एवढं पुरतं. तेव्हापासून आतल्या कडीला मी पांढरी सुती पट्टी गुंडाळते, स्क्रूखाली कापडाची घडी ठेवते आणि काम थांबलं की कापड रिंगमधून सोडवते. बागेतून आलेल्या बाईनं रेशमाला हात लावण्याआधी लिंबू चोळून हात धुवावेत आणि पूर्णपणे कोरडे करावेत.

डागाइतकीच काळजी हत्याराचीही घ्यायला हवी. ‘हात बसला की कुठलीही सुई चालते’ असं पुष्कळजणी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आरी हे मुळात चामडं टोचायचं हत्यार. कच्छच्या मोची कारागिरांनी ती रेशमावर चालवली आणि तिच्या साखळी टाक्यानं दरबारी वस्त्रं भरली. त्यांचा टाका इतका बारीक यायचा त्यात हाताइतकाच आरीच्या टोकाचाही वाटा होता.

म्हणून नवी आरी आणली की आधी तिचं टोक तपासा. जुन्या नायलॉनच्या ओढणीवर हलकेच फिरवा. धागा अडकला तर टोकाच्या आकड्याला बारीक कोर राहिली आहे असं समजा. अगदी बारीक पॉलिश पेपरनं ती घासा, पुसा आणि पुन्हा ओढणीवर फिरवून बघा. तरीही अडकत असेल तर ती आरी रेशमाला लावू नका, मग ती कितीही महागाची असो. मुठीचा स्क्रू आणि आकड्याचं तोंड एकाच दिशेला बसवा. टोक कापडाखाली गेलं की ते दिसत नाही, तेव्हा स्क्रूवरूनच आकडा कुठं वळलाय ते कळतं. वर येताना आरीची पाठ कापडाला टेकलेली हवी. तसं नसेल तर आकडा दोऱ्याबरोबर कापडाचा ताणाही ओढतो आणि तो रेशमात परत बसवता येत नाही.

कापड हलगीसारखं ताणलेलं हवं. सैल कापडावर चांगली आरीसुद्धा वेडेवाकडे टाके घालते.

साध्या सुईनं पाकळ्या भरणाऱ्यांना आणखी एक सांगते. भरतकामाचा सुती दोरा सहसा सहा पदरी असतो. हवे तेवढे पदर एकदम ओढू नका, एकेक सुटा काढून मग जुळवा. टाका खाली बसताना दुसऱ्या हातातल्या जाड, बोथट टोकाच्या सुईनं पदर शेजारी शेजारी निजवा. त्यांना पीळ राहिला नाही की पाकळीवर उजेड सलग पडतो. यासाठी वेगळं हत्यार बाजारात मिळतं, पण बोथट सुईनं भागतं. पैसे चांगल्या आरीवर आणि टोकदार, छोट्या कात्रीवर खर्च करा. ती कात्री घरात दुसऱ्या कुणालाही, कागद कापायलासुद्धा, देऊ नका.