मुलीच्या ध्यानात राहत नाही?

धामणगाव बढे असो की मुंबईतली चाळ, "पोरीच्या ध्यानात राहत नाही" असं कोणी म्हटलं तर मानू नका. पहिली-दुसरीच्या वयात शब्द, गोष्टी लक्षात ठेवण्यात मुली सरासरीने किंचित पुढेच असतात. पण एका मुलात नि दुसऱ्या मुलात फरक त्याहून मोठा. विहारात पाहा, पालीतलं पंचशील दोघंही ऐकून-म्हणूनच पाठ करतात.

विसर पडतो तो रक्त कमी असलं, झोप अपुरी झाली की. सरकारी शाळेत 5 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला लोहाची गुलाबी गोळी असते, जंताचीही असते, चुकवू नका. किमान 9 तास झोपू द्या. संध्याकाळी पाणी, भांडी, धाकट्याला सांभाळणं एकट्या मुलीवर नको. भावालाही हात आहेत. रात्री दोघांना विचारा, आज बाईंनी काय शिकवलं? आठवून सांगितलेलं पक्कं बसतं.